डिकलवर पांढरी झाक येतेय? आधी ती कुठली ते ओळखा

मंडळी, जून उजाडला की हा प्रश्न ठरलेला असतो. जग्वार विमानाचं प्लास्टिक मॉडेल रंगवून झालं, डार्क ग्रीन आणि डार्क सी ग्रेचं कॅमोफ्लाज झकास बसलं, मग डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायची छापील चिन्हं: राउंडेल (हवाई दलाची गोल खूण) लागले, शेपटीवरचा फिन फ्लॅश (तिरंगी खूण) लागला, बारीक स्टेन्सिल (सूचनांची अक्षरं) डोळे फोडून एकेक करून बसवले, वरून मॅट (बिनचमकीचा) क्लिअर, म्हणजे पारदर्शक कोट मारला आणि सकाळी उजेडात बघावं तर प्रत्येक अक्षराभोवती पांढुरकी झाक. मग पहिली प्रतिक्रिया, डिकल बेकार निघाले. दुसरी त्याहून वाईट, वरून अजून एक क्लिअर कोट.

जरा थांबा. मॉडेलवर पांढरं दिसायची निदान चार वेगवेगळी कारणं असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की काम दुप्पट होतं. डिकलखाली हवा अडकलीय आणि तुम्ही वरून क्लिअर मारत सुटलात तर ती हवा तिथेच कायमची सील झाली. उलट क्लिअर कोटच दमट हवेने पांढरा पडलाय आणि तुम्ही डिकलवर सॉफ्टनर (डिकलची फिल्म मऊ करणारं द्रव) ओतताय तर डिकलचा चुरगळा होईल, पांढरं आहे तिथेच राहील.

ओळखायचं कसं, तर आधी आकार बघा. मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. पांढरी झाक बरोब्बर कॅरियर फिल्मच्या आकारात आहे, म्हणजे अक्षरांभोवतीच्या पारदर्शक पट्टीपुरतीच आहे आणि कडेला कापल्यासारखी थांबते, तर हवा अडकलीय, ज्याला आपण सगळे सिल्व्हरिंग म्हणतो ते हेच. झाक फिल्मची कड ओलांडून आजूबाजूच्या पेंटवरही पसरलीय तर दोष क्लिअर कोटचा. मग एक थेंब पाणी टाका. पाणी असेपर्यंत पांढरं गायब आणि सुकलं की परत हजर, तर भानगड वरच्या पृष्ठभागावर आहे, एकतर मॅट जास्त झालाय नाहीतर डिंकाचे, पाण्याचे डाग राहिलेत. पाण्याने काहीच फरक पडला नाही तर खाली हवा आहे किंवा क्लिअरच्या थरातच पाणी शिरलंय. एवढं दोन मिनिटांचं काम आधी करा, मग बाटल्या उघडा.

सिल्व्हरिंग: डिकलचा दोष कमी, खालच्या पेंटचा जास्त

मॅट पेंट मॅट दिसतो कारण तो खरखरीत असतो. डोळ्याला गुळगुळीत वाटला तरी सूक्ष्म पातळीवर नुसत्या टेकड्या आणि खड्डे. त्यावर डिकलची फिल्म टेकड्यांवर टेकते, खड्ड्यात हवा राहते आणि उजेड त्या हवेवरून विखुरतो. मोबाईलला स्क्रीनगार्ड लावताना धुळीच्या कणाभोवती बुडबुडा राहतो ना, तसंच, फक्त हजारो बारीक बुडबुडे. गडद रंगावर हे जास्त बोंबलतं, म्हणून जग्वारच्या गडद हिरव्यावर रडारड आणि फिकट ग्रे मिग-२१ वर तेवढं जाणवतही नाही. आणि मिग-२१ एफएल बिनरंगी धातूच्या फिनिशमध्ये करत असाल, म्हणजे नाशिकजवळ ओझरला एचएएलने बांधलेल्या पहिल्या मिगपैकी, तर हा प्रश्न सहसा येतच नाही कारण मेटॅलिक पेंट मुळातच गुळगुळीत असतो. तिथे उलट डिंकाचे डाग उठून दिसतात, ते पुढे सांगतो.

म्हणून डिकलच्या आधी ग्लॉस कोट. हे सगळ्यांना माहीत असतं तरी सिल्व्हरिंग होतंच, कारण लोक ग्लॉसच्या बाटलीतलं काहीतरी मारतात पण पृष्ठभाग ग्लॉस झालाय का ते बघत नाहीत. खालचा मॅट जर फारच खरखरीत असेल तर एक पातळ ग्लॉस त्या टेकड्यांवरच चढतो, खड्डे भरत नाहीत, चमकतं पण गुळगुळीत नसतं. माझी परीक्षा साधी आहे, ट्यूबलाइटखाली पंख धरा आणि पेंटमध्ये ट्यूबचं प्रतिबिंब बघा. ट्यूबची कड सरळ, स्पष्ट दिसली तर डिकल लावा. कड फाटलेली, दाणेदार दिसली तर अजून एक कोट. आपल्याला चमक नकोय, गुळगुळीतपणा हवाय, चमक हा त्याचा फक्त पुरावा.

ग्लॉस कुठला यावर लोक भांडत बसतात. टॅमियाचं एक्स-२२ क्लिअर आणि त्यात त्यांचा एक्स-२०ए थिनर न घालता मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर घालून पातळ केलं तर फार सुंदर पसरतं, साधारण निम्मं निम्मं किंवा थिनर थोडा जास्त, एअरब्रशला (दाबाच्या हवेने रंग फवारणारं हत्यार) हवेचा दाब पंधरा पीएसआयच्या आसपास, आणि शेवटचा कोट जरा ओला. पहिले एकदोन कोट मात्र हलकेच, नाहीतर ओघळ येतो. लॅकर (जहाल थिनरवरचं क्लिअर) हवं असेल तर मिस्टर कलरचं जीएक्स १०० किंवा टॅमियाचं एलपी-९. लॅकर जास्त टणक, पुढे सॉफ्टनरला जुमानत नाही. अ‍ॅक्रिलिक क्लिअर अर्धवट सुकलं असताना त्यावर जोरदार सॉफ्टनर टाकला की तेच पांढरं पडू शकतं आणि मग आपण परत डिकलला शिव्या घालतो. पावसाळ्यात बाटलीवर काहीही लिहिलेलं असू द्या, एक्स-२२ ला मी दोन दिवस तरी देतोच. नाकाजवळ नेऊन वास येत असेल तर अजून सुकलेलं नाही, विषय संपला.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मित्रांचं दुखणं जरा वेगळं असतं. तिथे एप्रिल-मे मध्ये बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत अ‍ॅक्रिलिक पेंट एअरब्रशमधून निघून मॉडेलवर पोचेपर्यंत हवेतच अर्धा सुकतो आणि कोरडी पावडर बसते, हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत. त्यावर कितीही ग्लॉस मारा, डिकलखाली हवा राहणारच. अशा वेळी रिटार्डरचे (रंगाचं सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे) थोडे थेंब, एअरब्रश जवळ, प्रेशर कमी, आणि काम पहाटे. तरीही खरखर राहिली तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दोन हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून अगदी हलक्या हाताने फिरवा. कडांवर आणि रिव्हेटवर नको, तिथला पेंट पहिल्यांदा उडतो.

लावताना काय करायचं

डिकल कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवायचा आणि बाहेर काढून टिश्यूवर ठेवायचा, मिनिटभरात कागदावरून सरकायला लागतो. पाण्यातच तरंगत ठेवू नका, मागचा डिंक धुऊन जातो आणि तो डिंकच तर खालची जागा भरायला मदत करतो. मॉडेलवर जिथे लावायचा तिथे आधी मायक्रो सेट किंवा मिस्टर मार्क सेटरचं (डिकल बसवायच्या द्रवाचं) छोटं डबकं करा, त्यावर डिकल सरकवा, जागेवर आणा, आणि ओल्या मऊ ब्रशने मधून कडेकडे पाणी ढकला. कडेपासून सुरुवात केली तर हवा मध्येच कोंडली जाते. मग टिश्यू वरून टेकवून पाणी टिपा, घासू नका.

आता सॉफ्टनर, म्हणजे मायक्रो सोल, मिस्टर मार्क सॉफ्टर, टॅमियाचं मार्क फिट, जे असेल ते. ब्रशने एक हात लावा आणि उठून जा. खरंच उठून जा, चहा टाका. कारण पुढच्या दोनेक मिनिटांत डिकलला अशा सुरकुत्या पडतील की वाटेल गेला, संपला, आणि हात शिवशिवतील बोटाने सपाट करायला. बोट लागलं की फाटलाच समजा, त्या क्षणी ती फिल्म सायीइतकी मऊ असते. सोडून दिला तर सुकता सुकता आपोआप ताणला जाऊन पॅनेल लाइनमध्ये (विमानाच्या पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरीव रेषेत) उतरतो. सुकल्यावर तिरक्या उजेडात बघा, कुठे चमक दिसली तर तिथेच परत एक हात.

सॉफ्टनर मिळत नाही किंवा महाग पडतो म्हणणाऱ्यांनी किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर थोडं पाणी घालून वापरून बघायला हरकत नाही, मायक्रो सेटला येणारा वास अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचाच आहे. पातळ डिकलवर, उदाहरणार्थ इटलीच्या कार्टोग्राफने छापलेल्या, तेवढ्याने भागतं. जाड डिकलवर व्हिनेगर म्हणजे नुसता वास. आणि कुठलाही सॉफ्टनर आधी शीटवरच्या नको असलेल्या एखाद्या डिकलवर तपासा, थेट राउंडेलवर प्रयोग नको, भारतीय मार्किंग्जचा दुसरा शीट पटकन मिळत नाही हे सांगायला नकोच.

झालेलं सिल्व्हरिंग काढायचं असेल तर, मॅट मारायच्या आधी लक्षात आलं असेल तर सोपं आहे. नवीन ब्लेडचं टोक किंवा अगदी बारीक सुई घ्या, चमकणाऱ्या भागावर जवळजवळ टोचे मारा, फक्त फिल्मला भोक पडेल इतपतच, आणि पॅनेल लाइनवर ब्लेडने हलका काप द्या. वर सॉफ्टनरचा थेंब, तो भोकातून खाली शिरतो आणि आत गेलेला दिसतो, पांढरं एकदम गडद होत जातं, बघायला मजा येते. मग ओला इअरबड टिश्यूवरून टेकवून हलका दाब, सुकू द्या, परत. हट्टी जागांना हे चार-पाचदा लागतं, एका बैठकीत सगळं संपवायच्या मागे लागू नका. मॅट वरून बसला असेल तर सॉफ्टनरला आत शिरणं अवघड जातं, तेव्हा टोचे थोडे जास्त. तरीही नाही झालं तर सरळ बेस रंग घेऊन बारीक ब्रशने अक्षरांभोवतीच्या फिल्मवर टिपके टिपके मारून चकाकी झाका. चीटिंग वगैरे काही नाही, काचेच्या कपाटात कोणी भिंग घेऊन येत नाही.

क्लिअरच पांढरा पडलाय: हे मुंबई-कोकण-गोव्याचं खास दुखणं

स्प्रेमधला थिनर उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, म्हणून मॉडेल काही क्षण खोलीपेक्षा थंड होतं. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, म्हणजे जुलैतला मुंबईचा साधा दिवस, तर दवबिंदू येतो साधारण २५ अंशांवर. पृष्ठभाग नुसता तीन अंश गार झाला की हवेतलं पाणी त्यावर जमतं, ओल्या लॅकरमध्ये मिसळतं आणि थर दुधाळ होतो. तेच तापमान आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू १६-१७ अंशांवर जातो, तेवढं गार ते होतच नाही. म्हणून डिसेंबरात तीच बाटली, तोच एअरब्रश, तोच हात, आणि काहीच होत नाही. थिनर जितका झटपट उडणारा तितकी थंडी जास्त, त्यामुळे हार्डवेअरवाल्याकडचा स्वस्त एनसी थिनर पावसात सगळ्यात आधी दगा देतो. फर्निचरला लॅकर मारणाऱ्या कारागिरांना विचारा, ते पावसाळ्यात एकतर काम पुढे ढकलतात नाहीतर रिटार्डर घालतात, त्यांना दवबिंदूचा आकडा माहीत नसेल पण हिशोब पक्का माहीत असतो.

उपाय त्यातच आहे. हळू उडणारा थिनर वापरा, लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर असतोच, नाहीतर वेगळा मिळतो तो थोडा घाला. कोट पातळ, मध्ये वेळ जास्त. स्प्रे कॅनपेक्षा एअरब्रश बरा, कॅनमधून गॅस स्वतःच गार होऊन येतो आणि माल एकदम भरपूर पडतो. साधा आर्द्रतामापक फार महाग नसतो, टेबलावर ठेवा, आणि सत्तरच्या वर काटा असेल तर त्या दिवशी लॅकर नाही, सँडिंग करा, कॉकपिट रंगवा, हॉबीत कामं काय कमी आहेत. एसी असेल तर तासभर आधी ड्राय मोडवर चालवा, पण एसीची बंद खोली आणि लॅकरचे फ्यूम्स हे जीवघेणं कॉम्बिनेशन आहे, तेव्हा खोलीत फक्त मॉडेल कोरडं आणि कोमट करून घ्या, स्प्रे करताना एक्झॉस्ट चालू आणि तोंडावर ऑरगॅनिक व्हेपरचा मास्क. कापडी मास्क थिनरच्या वाफेला अडवत नाही. हेअर ड्रायरने लांबून मॉडेल हाताला कोमट लागेल इतपत गरम केलं तरी बराच फरक पडतो कारण पृष्ठभाग दवबिंदूच्या वर राहतो. जवळून मारू नका, पिटो ट्यूब (विमानाचा वेग मोजणारी बारीक नळी) आणि पंखांची मागची पातळ कड पहिल्यांदा वाकतात.

कॉम्प्रेसरकडेही बघा. पावसात टाकीच्या तळाशी पाणी साठतं आणि मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा भाग) भरला की ते पाणी थेट एअरब्रशमधून थेंबाथेंबाने थुंकलं जातं. टाकीखालचा स्क्रू प्रत्येक बैठकीनंतर उघडायचा.

आधीच पांढरा पडला असेल तर बहुतेक वेळा वाचतो. कोरड्या दिवशी लेव्हलिंग थिनर नुसता, किंवा त्यात थोडं क्लिअर घालून, लांबून अगदी धुक्यासारखा फवारा. थर परत मऊ होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि समोरच्या समोर पारदर्शक होतो. खाली डिकल असतील तर हात आखडता घ्या, ओला कोट मारलात तर जहाल थिनर डिकलला गोळा करून ठेवेल. हा फवारा लॅकरसाठी आणि लेव्हलिंग थिनरमध्ये पातळ केलेल्या एक्स-२२ साठी, पाण्यावरच्या व्हार्निशवर हा प्रयोग करू नका.

मॅटचा पांढरेपणा, डिंकाचे डाग आणि कॅनोपी

मॅटमध्ये चमक मारणारी पावडर असते आणि ती बाटलीच्या तळाशी बसते. नीट ढवळलं नाही तर आधी चमकदार जातं आणि बाटली संपत आली की नुसती पावडर. टॅमियाचा एक्स-२१ फ्लॅट बेस लोक अंदाजपंचे ओततात, तो जास्त झाला की पॅनेल लाइनमध्ये आणि पंखाच्या मुळाशी पांढरं धुकं साठतं. यावर उपाय गमतीचा वाटेल पण चालतो, वरून एक ग्लॉस मारा, पांढरं बहुतेक जातं, आणि मग मॅट परत, पातळ आणि नीट ढवळून. इथे मात्र वरून क्लिअर हेच उत्तर आहे, म्हणूनच आधी निदान करा म्हणत होतो.

डिंकाचे डाग पिवळट-पांढरे, डिकलच्या बाहेर पाणी ओघळलं त्या आकारात असतात. डिकल पूर्ण सुकले की दुसऱ्या दिवशी ओल्या कापसाने सगळं मॉडेल हलकं पुसा आणि मगच सील करा. तरीही पांढरी वर्तुळं राहत असतील तर पाणीच तपासा. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी सुकलं की क्षार मागे ठेवतं, बादलीवर ठेवतं तसंच मिगवर ठेवतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर स्वस्तात मिळतं, एक बाटली वर्षभर पुरते.

कॅनोपी (कॉकपिटवरची काच) आतून पांढरी झाली असेल तर डिकलशी संबंध नाही, तो सुपरग्लूचा उद्योग आहे. त्याची वाफ दमट हवेत काचेवर पांढरी बसते आणि जिथे बोट लागलंय तिथे जास्त बसते. पोलिसांचे लोक पुराव्यावरचे ठसे उठवायला हीच वाफ, मुद्दाम आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास ठेवून वापरतात, तेव्हा पावसाळ्यात तुमच्या कॅनोपीवर तुमचेच ठसे उमटले तर नवल नाही. कॅनोपीला फेविकॉल लावा, पारदर्शक सुकतो आणि चुकला तर पाण्याने निघतो.

राउंडेल रंगवूनच का नाही?

ही माझी वैयक्तिक भुणभुण समजा. भारतीय राउंडेल म्हणजे तीन वर्तुळं, बाहेर हिरवं, मध्ये पांढरं, आत केशरी. बऱ्याच शीटवर केशरी शाई पातळ असते, गडद हिरव्या कॅमोफ्लाजवर लावली की मातकट दिसते, आणि पांढऱ्याखालून पॅनेलचा रंग डोकावतो. सर्कल कटरने मास्किंग टेपची वर्तुळं कापून १/४८ मापाच्या मॉडेलमध्ये हे आरामात रंगवता येतं. आधी पूर्ण गोल पांढरा मारायचा. तो सुकला की मधल्या वर्तुळावर टेप लावून बाहेर हिरवा, मग हिरव्यासकट पांढरी कडी झाकायची आणि आत केशरी. टेपची कड नखाने नीट दाबा आणि पहिला फवारा कोरडा, म्हणजे रंग खाली शिरत नाही. फिल्मच नाही तर सिल्व्हरिंग कुठून येणार. १/७२ ला मात्र आतलं केशरी वर्तुळ कापताना माझाही संयम सुटतो, तिथे डिकलच बरे, हवं तर खाली त्याच मापाचा पांढरा गोल रंगवून वर डिकल लावा, केशरी लगेच खुलतं.

स्टेन्सिल रंगवता येत नाहीत, ते डिकलच. त्यांची फिल्म शक्य तितकी अक्षराजवळून कापा. दोन ओळींच्या मधली मोकळी फिल्म तर कापाच, चमकते ती तीच.

आणि शीट सादळू देऊ नका. उघडं ठेवलं तर कागद वळतो, मागचा डिंक ओल धरून वरच्या पातळ कागदाला चिकटतो. झिप लॉक पिशवी, आत सिलिका जेलची पुडी, पिशवी सपाट पुस्तकात. पुड्या ओलावा धरून बसल्या की काम करत नाहीत, रंग बदलणाऱ्या घेतल्या तर कळतं, आणि मंद आचेवरच्या जुन्या तव्यावर खडे थोडे गरम करून परत वापरता येतात, घरातला चालू तवा नको. खूप जुना शीट असेल, फिल्मला तडे दिसत असतील, तर मायक्रोस्केलचं लिक्विड डिकल फिल्म एक हात मारा, सुकू द्या, आणि मग प्रत्येक डिकल वेगळा कापून घ्या, कारण आता सगळा शीट एकच सलग फिल्म झालेला असतो.